दोन वर्षांचा निळा दर

प्रिय स्मारो,

सगळ्यात आधी बाबाच्या प्राणवायूच्या मशीनची घरघर थांबली. मग त्याची शिट्टी सुरू झाली, आणि मी हातातला डाव तसाच घेऊन बोळात धावले. ओव्हनमध्ये घेवडा होता, हॉलमधला हीटर चालू होता, न्हाणीघरातला बंद करायला मी विसरले होते, आणि मेन स्विच पडला होता. विजेच्या डब्याचं झाकण उघडलं तर सगळी बटणं एकसारखी दिसायला लागली. मागे वळून पाहिलं. तुझा बाबा खुर्चीत ताठ बसला होता, नाकात नळी तशीच. बोलण्यात दम घालवायचा नाही म्हणून त्याने नुसती दोन बोटं वर केली. मी दुसरं बटण वर ढकललं. त्याने मान हलवली आणि बोटं छताकडे दाखवली. वरच्या ओळीतलं दुसरं. ते ढकललं तेव्हा मशीन खाकरलं आणि पुन्हा चालू झालं. बऱ्याच वेळाने, बोलण्याइतका श्वास जमल्यावर तो म्हणाला, “आयुष्यभर विजेच्या खांबांवर चढलो, एकदाही पडलो नाही. आज घेवड्याने मारलं असतं.” मी हसले. मग स्वयंपाकघरात आले आणि घेवडा बाहेर काढला.

हे असं फोनवर तुला सांगता येत नाही. हिवाळ्यात आपला हॉल तेवढाच गरम असतो, फोनही तिथेच, म्हणून मी तुझ्याशी जे बोलते ते त्याच्यासमोर बोलते. तू विचारतेस, बाबा कसा आहे, आणि मी त्याच्याकडे बघत सांगते, बरा आहे. मेसेज पाठवावा तर मोबाइल त्याच्या खिशात. म्हणून कागद घेतला. आता तो दुपारचा झोपलाय. मी स्वयंपाकघरात कोट घालून बसलेय आणि दार जरा उघडं ठेवलंय, मशीन ऐकू यावं म्हणून. अक्षर वाकडं आलं तर थंडीमुळे आलं असं समज.

प्राणवायूचं मशीन बसवायला आलेला माणूस तू पाहिला नाहीस. पानगळ सुरू झाली होती. जकात नाक्यावरच्या शिपायासारखा तो घरभर फिरला. प्राणवायू आणि विस्तव एका घरात नांदत नाहीत, म्हणाला. लाकडाच्या शेगडीकडे बोट केलं, ही बंद. कॉफीचा गॅस, हाही बंद. मग मरिया मातेच्या तसबिरीपुढे तेलाचा दिवा दिसला, तोही बंद. बाबा म्हणाला, देवाचं तेवढं राहू दे. त्यावर तो म्हणाला, “काका, देवाकडे लवकर जायचं असेल तर राहू दे.” बाबाला ते इतकं आवडलं की येईल-जाईल त्याला सांगत होता. मी तसबिरीपुढे एक छोटा लाल बल्ब लावला. शेजारच्या लेमोनियाने तो पाहिला आणि म्हणाली, आता मरिया मातेलाही बिल येणार.

ते खरंच निघालं. अंगणात वर्षाचं सरपण ताडपत्रीखाली रचलेलं आहे आणि आम्ही घर विजेवर गरम करतोय. मशीनच्या विजेला सवलत असते, ती मिळते. हीटरच्या विजेला कुणी सवलत देत नाही. हिवाळ्यातलं पहिलं बिल आलं तेव्हा बाबाने भिंग घेऊन ते वाचलं, घडी घातली, आणि म्हणाला, मीटर बरोबर आहे. बाकी काही नाही. पण त्यानंतर एक सुरू झालं. मी पाव आणायला बाहेर पडले की तो हीटर बंद करतो, हनुवटीपर्यंत घोंगडी ओढून बसतो, आणि फाटकाची कडी वाजली की पुन्हा चालू करतो. मी आत येऊन हात लावते तर पत्रा गार. डॉक्टर झिसिसने तर स्पष्ट सांगितलंय, गार हवा त्याच्या छातीला चालायची नाही. परवा मी परत आले तेव्हा त्याचे ओठ निळसर झाले होते. मला विचारतो, बाहेर थंडी आहे का गं.

म्हणून हा विजेच्या दराचा घोर, पोरी. काटकसर म्हणून नाही. पुढच्या महिन्याचा आकडा माहीत नसतो तोपर्यंत तो हीटरला हात लावत राहणार. आकडा एकदा ठरला, कागदावर बांधला गेला, की तो ऐकेल. हिशेबी माणूस आहे. जे ठरलंय त्याच्याशी तो कधी भांडला नाही.

तिकडे जर्मनीत कसं असतं माहीत नाही. इथे आता विजेला रंग दिलेत. निळा घेतला की दर पक्का, एक वर्ष किंवा दोन वर्षं हलत नाही. हिरवा दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. त्या दिवशी कॉफीच्या दुकानात पुरुषमंडळी आकडा असा वाचतात जसा पूर्वी डोंगरावरचा बर्फ वाचायची. आपलं सगळं फ्लोरिना गाव दोन रंगांत वाटलं गेलंय. पाद्रीबाबांनी चर्चसाठी निळा घेतला. देव बदलत नाही, मग त्याच्या घरातला दर कशाला बदलावा, म्हणाले. लेमोनिया हिरव्यावर आहे. मला म्हणते, “पोलिक्सेनी, निळा म्हणजे लग्न. बाहेर स्वस्ताई आली तरी तू घरातच. हिरवा म्हणजे नुसतं नदीवर फिरायला जाणं. नाही पटलं, पुढच्या महिन्यात दुसरा.” मी म्हटलं, तू कधी कुणाबरोबर नदीवर फिरलीस? म्हणाली, म्हणून तर हिरवा घेतला.

तिनेच माझ्या डोक्यात एक किडा सोडला होता. वीज कंपनी बदलली की जुनी तार तोडून नवी जोडतात, आणि मधल्या वेळात घरात अंधार. तिच्या मावसबहिणीकडे म्हणे तसं झालं होतं. मी ते खरं मानलं. किती दिवस नुसती बोळातल्या प्राणवायूच्या जादा सिलिंडरकडे बघत होते, तो मधल्या वेळाला पुरेल का म्हणून. शेवटी बाबाला विचारलं. तो हसला आणि हसण्यातून खोकला सुरू झाला, पाठ चोळावी लागली. मग म्हणाला, “अगं, एका लाइनमनच्या बायकोने हे विचारावं? तार तीच, खांब तोच, वीज तीच. फक्त बिलावर नाव दुसरं छापतात. कुणी काही तोडत नाही. तोडायचं असतं तर मला बोलावलं नसतं का?”

पण बदलायला तो तयार नव्हता, हे तुला सांगायला नको. कंपनी म्हणजे त्याची कंपनी. प्रेस्पाच्या तळ्याकाठच्या गावांत त्याने तिच्यासाठी तारा ओढल्या, बर्फात, खांद्यावर वेटोळं घेऊन. वीज आल्यावर एका म्हातारीने बल्बवर फुंकर मारली होती, ती गोष्ट तुला पाठ असेल. तुझा धर्मपिता पास्खालिस दुसऱ्या कंपनीकडे गेला तेव्हा ईस्टरच्या आधीचा पूर्ण उपास बाबा त्याच्याशी बोलला नाही. मांस सोडलं, अंडी सोडली, तसं तुलाही सोडलं, असं त्याच्या तोंडावर सांगितलं होतं. ईस्टरला मात्र त्याच्याच घरी जाऊन कोकरू खाल्लं. तर असा माणूस. आणि गेल्या आठवड्यात, मी भाजलेल्या मिरच्या सोलत बसले होते, तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “नदीकाठी ते दुसऱ्या कंपनीचं नवं दुकान निघालंय ना, तिथे जाऊन ये. त्यांचा निळा स्वस्त आहे म्हणतात. दोन वर्षांचा.” सुरी माझ्या हातात तशीच राहिली. मी इतके दिवस मनात जे घोकत होते ते त्याने आपणहून सांगितलं. मला बरं वाटायला हवं होतं. मला धडकीच भरली. भांडण सोडून देणारा तुझा बाबा, हा स्तेर्गिओस, मी कधी पाहिला नाही.

काल गेले. ते दुकान म्हणजे आपलं जुनं चपलांचं दुकान, तुझे शाळेचे बूट जिथे घ्यायचो ते. आता तिथे काचेचं टेबल आहे आणि थोमाई नावाची मुलगी बसते. गोड आहे, पण नखं फार लांब. काकू बसा, कोट काढा, म्हणाली. आत इतकं गरम होतं की मला राग आला. तिने विचारलं, घर विजेवरच गरम करता का, घरात कुणी आजारी आहे का. मी सगळं सांगितलं. मग म्हणाली, “बारा महिन्यांचा करू की चोवीस? चोवीसचा दर कमी पडतो. फक्त मधेच सोडलात तर दंड आहे.” मी विचारलं, मधेच म्हणजे? “म्हणजे काकू, घर विकलं, मुलीकडे राहायला गेलात, किंवा…” आणि ती थांबली. चांगल्या घरची पोर आहे. टेबलावरचं पेन उगाच सरळ केलं. बारा की चोवीस. तो प्रश्न माझ्यापुढे टेबलावर पडून राहिला आणि मला त्याला हात लावता येईना. बारा म्हटलं तर मी काहीतरी मान्य केल्यासारखं. चोवीस म्हटलं तर नशिबाला डिवचल्यासारखं. घरी विचारून सांगते, असं म्हणून मी उठले.

घरी आले नाही. मशीनच्या कागदावर नवा शिक्का हवा होता म्हणून इस्पितळात गेले. झिसिसने शिक्का मारला, सही केली, घरच्या कोंबड्यांची चौकशी केली. निघताना माझ्या तोंडून निघून गेलं, डॉक्टर, एक विचारू का, दुसरंच आहे, विजेचं, निळा घेऊ दोन वर्षांचा की हिरवा? तो मोठ्याने हसला. म्हणाला, “पोलिक्सेनीबाई, कुठला घ्यायचा हे मी आमच्या बायकोला सांगितलं तेव्हापासून घरात माझ्याशी कुणी नीट बोलत नाही.” मग त्याची नजर समोरच्या कागदांवर गेली, बाबाच्या. हसू चेहऱ्यावर राहिलं, पण त्याच्यामागे काही उरलं नव्हतं. कागद सारखे केले. म्हणाला, “हिरवा घ्या. महिन्या-महिन्याने बघत जा.” मी आभार मानले. लेमोनियाही हेच म्हणते, असंसुद्धा सांगितलं. पुलावर आले तेव्हा लक्षात आलं की झिसिसला विजेच्या दरांतलं काही कळत नाही. त्याला जे कळतं, त्यातूनच तो बोलला होता. कठडा धरून उभी राहिले. एक बाई थांबली आणि म्हणाली, जपून हो, बर्फ गोठलाय. मी म्हटलं, हो.

काल बाबाने काही विचारलं नाही. आज विचारलं, जेवताना, घेवडा वाढून झाल्यावर. मी आधीच ठरवून ठेवलं होतं. म्हटलं, थोमाई म्हणते दोन वर्षांचा निळा उत्तम. झिसिसलाही सहज विचारलं. तोही म्हणाला, निळा घ्या, दोन वर्षांचा. बाबाने पावाचा तुकडा रश्शात बुडवला. “झिसिस म्हणाला? निळा?” मी हो म्हटलं. “चांगला माणूस आहे,” तो म्हणाला, “फक्त खोटं बोलता येत नाही त्याला. तुझ्यासारखंच.” आणि जेवत राहिला. घेवडा किंचित करपला होता. तो म्हणाला, करपला तरी चांगला लागतो.

ताट बाजूला सारून तो म्हणाला, दोन वर्षांचाच घे. पण माझ्या नावावर नको, तुझ्या नावावर घे. मी म्हटलं, काय फरक पडतो, जन्मभर तुझ्याच नावावर होतं. लेमोनियाकडे अजून तिच्या नवऱ्याच्याच नावाने बिल येतं, तो जाऊन किती वर्षं झाली. सगळ्यांकडे तसंच असतं. बाबा म्हणाला, “म्हणूनच सांगतोय. तो बिचारा कबरीत पडून बिलं घेतोय. मला तिथे तरी शांत पडू दे.” मग दम घेतला. मशीन तेवढ्यात दोन-तीनदा फुसफुसलं. म्हणाला, “मी कामावर होतो तेव्हा बघितल्यात अशा बायका. मीटर मेलेल्याच्या नावावर. कुठे काही बदलायचं म्हटलं की हातात मृत्यूचा दाखला घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत. सही कुणाची, तर जो नाही त्याची. खांबावरून सगळं दिसायचं. तुला तसं फिरायला लागू नये. आणि दोन हिवाळे आकडा बघायला लागू नये. म्हणून निळा. म्हणून ते दुकान. कंपनीने मला पेन्शन दिली, मी तिला माझे गुडघे दिले, आमची फिटंफाट झाली.”

मी दोन वर्षं कशासाठी मागत होते आणि तो कशासाठी, ते तेव्हा मला कळलं. त्याने बोळातली त्याची कात्री मागितली आणि मिशी कापत बसला. मी भांडी घासली. पाणी गार होतं, पण गरम करायचं सुचलं नाही.

स्मारो, तू ऑगस्टमध्ये येणार आहेस. ऑगस्टची वाट बघू नकोस. आता ये. तू शिकवतेस ती शाळा सुट्टी देईल तेवढे दिवस घेऊन ये, नाही दिली तर आजारी पड. मी बोलावलं असं त्याला कळू देऊ नकोस. स्वस्त तिकीट मिळालं म्हण, किंवा नवऱ्याशी भांडून आले म्हण, त्यावर तो लगेच विश्वास ठेवील आणि खूशही होईल. रडायचं असेल ते थेसालोनिकीहून येणाऱ्या बसमध्ये रडून घे, घाट संपायच्या आत. इथे आल्यावर त्याला बरं वाटतंय का म्हणून विचारू नकोस, प्रेस्पाच्या तारांबद्दल विचार. त्याला फार बोलता येत नाही, म्हणून तूच सांगत जा आणि मुद्दाम चुकत जा, तुला दुरुस्त करायला त्याला आवडतं. तुझी खोली मी आजपासूनच गरम करायला लागते. हे सगळं फोनवर तुला म्हणता आलं नसतं, म्हणून लिहिलं. झिसिसने मला एवढंच सांगितलं, महिन्या-महिन्याने बघा. मला ते एकटीला बघता येत नाही.

दाराकडे कान लावून बसलेली,
तुझीच,
आई

ता. क. दुसऱ्या दिवशी सकाळी लिहितेय. पाकीट अजून चिकटवलं नव्हतं. काल संध्याकाळी दुकानात फोन केला होता. जुनं नाव काढायला बाबाची सही लागते, म्हणून थोमाई स्वतः कागद घेऊन घरी आली. बाबाने दाढी केली होती आणि पायजम्यावर लग्नातला कोट चढवला होता. त्याने सही केली, कागद माझ्याकडे सरकवला, मी केली. चोवीस महिने. त्याने थोमाईला विचारलं, एवढ्या नखांनी लिहितेस कशी. ती हसली, तिने कॉफी घेतली नाही. ती गेल्यावर कोटासकट तो झोपला. लेमोनियाला त्याच्याजवळ बसवून मी पोस्टात जाऊन येते.